तिनाच्या जागी सात

माझ्या बायकोला वाटतं, माझं सगळं तिला माहीत आहे. लग्नाआधी एका मुलीला चिठ्ठी दिली होती ते, साकोलीच्या कॉलेजात कॉपी करताना पकडला गेलो ते, सगळं मी तिला हसत-हसत सांगून टाकलं आहे. पण ही एक गोष्ट तिच्या कानावर नाही. आईच्या नाही, बाबांच्या तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापुढे जमेल. मध्येच मी दुसरंच काही बोलायला लागलो तर समजून घ्या — नको, समजून घेऊ नका. नुसतं ऐका.

मी नेटवर्किंग शिकवायचो. एक कॉम्प्युटर दुसऱ्याशी बोलतो कसा, त्याचा पत्ता कसा असतो, मधली वायर कशी जोडायची, हे सगळं. शहरातल्या क्लासमध्ये नाही, गावोगाव शिबिरं घेऊन. भंडाऱ्याच्या एका छोट्या संस्थेची ती शिबिरं. संस्था चालवायच्या उज्ज्वलाताई. आधी शाळेत शिकवत होत्या, ते सोडून या भानगडीत पडल्या. जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले आणि आपल्या वाट्याला काही उरलं नाही, हे रडगाणं भंडाऱ्यात सगळेच गातात. ताई म्हणायच्या, रडून झालं असेल तर या, वायर ओढू लागा.

शिबिराला कोणीही चालायचं. बचत गटाच्या बाया, दहावीत गचकलेली पोरं, ऐकू न येणारा एक सुतार, कुबडी घेऊन येणारी अंगणवाडीची मदतनीस. पहिल्या दिवशी आम्ही कॉम्प्युटरचं झाकणसुद्धा उघडायचो नाही. माणसंच कॉम्प्युटर. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पत्ता. करडीहून आंबागडला निरोप धाडायचा तर तुमसरला गाडी बदलावी लागते की नाही? मग मधे बसलेली बाई म्हणजे तुमसरचा स्टँड. निरोपाचे तुकडे करायचे, एकेक तुकडा वेगवेगळ्या हातांतून पाठवायचा, शेवटच्या माणसानं जोडून वाचायचा. एकदा आम्ही वांग्याच्या भाजीची कृती पाठवली. तिकडे मीठ दोनदा पोचलं आणि वांगी वाटेतच हरवली. केवढे हसलो होतो! ते दिवस चांगले होते. चांगलेच होते, हे मी नाकारत नाही.

आणि एक रिवाज होता. ताईंनीच पाडलेला. पहिल्या सकाळी सगळे गोल बसायचे आणि प्रत्येकानं सांगायचं — मला काय जमत नाही. लाज नाही, हसणं नाही. कोणी म्हणे, मले इंग्रजी वाचता येत नाही. कोणी म्हणे, माहा हात कापते. मग बाकीच्यांनी ठरवायचं की याच्यासाठी आपण काय करू या. जिचा हात थरथरायचा तिची वायर दुसऱ्यानं धरायची. ज्याला ऐकू येत नव्हतं त्याच्यासमोर तोंड करून बोलायचं. ही फेरी मीच घ्यायचो. नव्या लोकांची भीड चेपावी म्हणून सुरुवात माझ्यापासून. मी म्हणायचो, "मला पोहता येत नाही!" हशा पिकायचा. हा तळ्यांचा जिल्हा, आणि सरांना पोहता येत नाही. दर शिबिरात तेच वाक्य, दर शिबिरात तोच हशा.

मला पोहता येतं. चांगलं येतं.

मला जे येत नाही ते वेगळं आहे. माझं रंगांचं — बघा, सांगतानासुद्धा अडलो. मला हिरवा आणि चॉकलेटी वेगळे ओळखू येत नाहीत. लालही मधेच दगा देतो. निळा दिसतो, पिवळा दिसतो, बाकी सगळा गोंधळ. लहानपणी जंगलात टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, तोडायला जायचो तेव्हा सोबतची पोरं पिकलेली तोडायची आणि माझ्या झोळीत निम्मी हिरवी निघायची. सगळे म्हणायचे, हा आंधळाच हाय. मी त्यांच्यापेक्षा जोरात हसायचो. बायको रोज माझे कपडे काढून ठेवते आणि मला ऐतखाऊ म्हणते. म्हणू दे. ऐतखाऊ परवडलं.

बाबा रेल्वेत गँगमन होते, तुमसर रोडला. रुळांवर उन्हातान्हात राबायचे आणि जाणाऱ्या इंजिनाकडे बघून म्हणायचे, माहा पोरगा वरती बसन. आमच्या वस्तीतून रेल्वेत लागलेले बरेच होते, पण वरती कोणी बसलेलं नव्हतं. परीक्षा मी पास झालो होतो. डॉक्टरी तपासणीत त्यांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं. ठिपक्यांत आकडा असतो, तो वाचायचा. मला आकडा दिसेचना. ठोकून दिला एक. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पुढच्याला बोलावलं. घरी येऊन मी सांगितलं, यादीत नाव आलं नाही. बाबा म्हणाले, अभ्यास कमी पडला असन. मी मान हलवली. तेव्हापासून मी रंगांविषयी गप्प आहे. पण हा तो गुन्हा नाही. हे फक्त आधीचं आहे.

आता तुम्ही विचाराल — असा माणूस वायरी जोडायला शिकवतो कसा? कारण नेटवर्कच्या वायरीत आठ बारीक तारा असतात, चार रंगांच्या चार जोड्या, आणि त्या ठरलेल्या क्रमानंच टोकाच्या पारदर्शक प्लगमध्ये बसवाव्या लागतात. एक चुकली की सगळं ठप्प. तर ऐका माझी हुशारी. मी कधी स्वतः करून दाखवायचोच नाही. "मी हात लावणार नाही, तुम्हीच करा," असं म्हणून हात मागे बांधून उभा राहायचो. लोकांना वाटायचं, काय शिकवण्याची पद्धत आहे! ताई तर पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या. दुसरं म्हणजे, माझा नियम होता की तार बसवताना रंग मोठ्यानं म्हणायचा. केसरी-पांढरा, केसरी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, चॉकलेटी-पांढरा, चॉकलेटी. ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी, असं मी सांगायचो. खोटंही नव्हतं ते. अख्खी खोली एका सुरात रंग म्हणायची आणि त्या सुरात मी बिनधोक फिरायचो. कधी एकट्यानं करायची वेळ आलीच तर माझी एक चोरवाट होती. जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा असतो. आमच्या पेटीतल्या वायरीत हिरव्या जोडीचा पीळ चॉकलेटीपेक्षा घट्ट होता. बोटांना कळायचं. निळी जोडी दिसायचीच, केसरी उजळपणावरून कळायची. एवढ्यावर माझी वर्षं निघाली.

पल्लवी आली ती करडीच्या शिबिराला. मोहाडीच्या कोष्ट्यांची मुलगी. घरी माग होता, वडील विणायचे. लहानपणी उजव्या डोळ्यात काडी गेली होती, तो डोळा गेलेला. रोज सकाळी काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून बसून यायची आणि सगळ्यांच्या आधी यायची. पहिल्या सकाळच्या फेरीत तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मले उजव्या डोळ्यानं दिसत नाही जी. पण रंगाचं मले विचारा. बाबाले धागे मीच लावून देते. एका डोळ्यानं सांगन." किती ऐटीत म्हणाली होती! तिचं ते वाक्य मला अजून आठवतं. या मुलीपासून जपून राहायला हवं, असं वाटलं. म्हणजे बघा, अजून काहीच घडलेलं नव्हतं.

ती पटापट शिकली. तिच्या हातचा प्लग सुबक असायचा, बाहेरचं निळं आवरण थेट आत दाबलेलं, एक तार उघडी नाही. आंबागडच्या पुढच्या शिबिरात तिला माझी जोडीदार म्हणून घ्यायचं, मानधन द्यायचं, असं ताईंनी ठरवलं होतं. तिनं घरी सांगूनही टाकलं होतं. वडील एकदा मुद्दाम भेटायला आले, माझ्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, "पोरीचं तुमच्या हातानं भलं होऊन राहिलं, सर."

शेवटच्या दिवशी पाहुणे येणार होते. शाळेतली कॉम्प्युटरची खोली आणि रस्त्यापलीकडची ग्रामपंचायत एका वायरीनं जोडायची, आणि तिकडून पाठवलेला निरोप इकडच्या पडद्यावर दाखवायचा, असा कार्यक्रम. धान कापून झाले होते, शेताच्या बांध्यांत कापलेल्या धानाचे पुंजणे उभे होते, त्यामुळे गावातले लोकही मोकळे. चांगली गर्दी जमली. वायरीची जुनी पेटी आदल्या दिवशीच संपली होती, ताईंनी भंडाऱ्याहून नवीन आणली होती. दुसऱ्या कंपनीची. मी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

ग्रामपंचायतीकडचं टोक पल्लवीनं केलं आणि ती तिथेच थांबली. शाळेकडचं टोक शेवटी करायचं होतं, कारण वायर खिडकीतून आत घेऊन मापानं कापायची होती. वायर आत आली तोवर बाहेर ओरडा झाला, गाडी आली, गाडी आली. सगळेच्या सगळे फाटकाकडे पळाले. खोलीत मी एकटा उरलो, हातात उघडं टोक.

खिडकीतून हाक मारली असती तर कोणीही आलं असतं. "जरा रंग सांग रे" — एवढंच म्हणायचं होतं. नेहमीचा तर नियम आमचा. पण एकट्यानं एकट्याला विचारणं वेगळं असतं, खोलीभर सुरात ते लपून जातं. मी विचारलं नाही. बोटांनी पीळ चाचपला, घट्ट जोडी हिरवी धरली, सैल जोडी चॉकलेटी धरली, आणि प्लग दाबला. नव्या पेटीत पीळ उलटे असतील, हे माझ्या मनाला शिवलंही नाही.

पाहुणे आत आले. सरपंच, पंचायत समितीचे साहेब, मागे गाव. ताई म्हणाल्या, आधी आमचा टेस्टर बघा. टेस्टर म्हणजे दोन छोट्या डब्या. एक वायरीच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. इकडे एक ते आठ दिवे ओळीनं लागतात आणि तिकडेही त्याच ओळीनं लागले तर वायर बरोबर. तिकडची डबी पल्लवीकडे होती. ताईंनी तिला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर ठेवला. सगळे कान देऊन. मी बटण दाबलं.

"एक," पल्लवीचा आवाज आला. "दोन."

मग ती थांबली.

"सर, तिनाच्या जागी सात लागला जी. मंग चार, पाच... साच्या जागी आठ. सर, हे काहून असं करून राहिलं?"

सातवी-आठवी म्हणजे चॉकलेटी जोडी. तिसरी-सहावी म्हणजे हिरवी. मला त्याच क्षणी कळलं. टेस्टर एवढंच सांगतो की दोन टोकं जुळत नाहीत. कोणतं टोक चुकलं, ते सांगत नाही. ते डोळ्यांनी बघावं लागतं. प्लग पारदर्शक असतो आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला मीच शिकवलं होतं तो कसा वाचायचा. ताईंनी विचारलं, "कोणतं टोक, सर?" आणि दोन-तीन जणं माझ्या हाताकडे वाकली.

आता जे झालं ते मी अजूनही — माझ्या हातात कटर होता. माझ्या हातानं माझं टोक कापलं. कच्च. कोणी वाकून बघायच्या आत. प्लग खिशात गेला. आणि माझ्या तोंडातून आवाज आला, शांत, सरांचा आवाज: "तिकडचं चुकलं असणार. पल्लवीचा डोळ्याचा प्रश्न आहे ना, रंग कळले नसतील. काही हरकत नाही, दोन्ही टोकं नव्यानं करू."

फोन चालूच होता.

हे मी बोललो? असं मलाच आतून कोणी तरी विचारलं. मी ठरवलं नव्हतं, तयारी केली नव्हती. इतकी वर्षं ज्या गोष्टीच्या भीतीनं जगलो, ती गोष्ट मी एका वाक्यात उचलून तिच्यावर ठेवली होती, आणि ती तिला बरोबर बसली होती. कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. साहेब म्हणाले, अरेरे. सरपंच म्हणाले, तरी केलं तिनं, हेच खूप. मी थक्क होऊन बघत राहिलो. एवढं सोपं असतं?

फोनमधून पल्लवी म्हणाली, "सर, मी तं रंग म्हणून-म्हणून लावली होती."

मी रस्ता ओलांडून तिकडे गेलो. घाईनंच गेलो, कारण तिचं टोक अजून तिथे होतं. ती टेबलाशी उभी होती, वायर हातात, प्लग डोळ्याजवळ धरून बघत होती. "सर, दाखवा ना, कुठं चुकलं? मले तं बरोबरच दिसून राहिलं," ती म्हणाली. भांडण नव्हतं त्यात. तिला शिकायचं होतं. मी म्हणालो, "आता वेळ नाही," आणि तिच्या हातातून वायर घेऊन तेही टोक कापलं. तेही खिशात टाकलं. मग बचत गटाच्या दोघींकडून दोन्ही टोकं करून घेतली, मोठ्यानं रंग म्हणत. तिकडून निरोप गेला, इकडच्या पडद्यावर उमटला. टाळ्या वाजल्या. पल्लवीनंही वाजवल्या.

त्या दिवशी साकोलीला उतरून घरी जाताना मी बसस्टँडजवळच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात शिरलो. खिशातले दोन्ही प्लग दुकानदारासमोर ठेवले आणि म्हणालो, चष्मा विसरलो, जरा रंग वाचा. मला चष्माच नाही. का गेलो असेन मी तिथे? खरं सांगू? मला आशा होती. तिचंच चुकलेलं निघावं, अशी आशा होती. बसमध्ये सगळा वेळ मी त्याच आशेवर होतो. दुकानदारानं एक उचलला, सुबक, आवरण आत दाबलेला, आणि घडाघडा वाचला. केसरी-पांढरा, केसरी, हिरवा-पांढरा, निळा... शेवटपर्यंत बरोबर. दुसरा उचलला. तारा अर्ध्या उघड्या, घाईत दाबलेला. त्यानं तिसऱ्या तारेला "चॉकलेटी-पांढरा" म्हटलं आणि वर बघून म्हणाला, हा कोणा येड्यानं बनवला?

मला दुकानासमोरच्या बाकावर बसावं लागलं. कळलेलंच होतं की मला, मग हादरलो कशानं? दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं म्हणून? मला नाही सांगता येत.

इथवर तुम्ही म्हणाल, घाबरला, हात चालून गेला, होतं माणसाचं. थांबा. पुढच्या आठवड्यात ताई आणि मी एसटीनं तुमसरला जात होतो, आंबागडच्या शिबिराची तयारी बघायला. ताईंनी मला सरळ विचारलं. "सर, पल्लवीचं काय करू या? मला तिला काढायचं नाहीये. पण तुम्ही सांगा — वायरीचं काम जमेल तिला?" बस हळू चालली होती, दोन्हीकडे रिकाम्या बांध्या. मला कोणी घाई करत नव्हतं. साहेब नव्हते, गर्दी नव्हती, बाजूला फक्त एक बाई होती, जिनं माणसांना आपलं उणं सांगायला शिकवण्यात आयुष्य घातलं होतं. जगात कोणाला सांगायचं असतं तर हिलाच. ती हसली नसती. मलाही विचारलं असतं — मग तुमच्यासाठी आपण काय करू या?

मी म्हणालो, "राहू द्या, ताई. तिलाच त्रास होईल."

त्या वेळी माझ्या हातात कटर नव्हता.

ताईंनी पल्लवीला नावं नोंदवायचं आणि चहापाण्याचं बघायचं काम देऊ केलं. ती एकदा आली आणि मग आली नाही. आणि आंबागडच्या पहिल्या सकाळी, गोल बसल्यावर, मी नेहमीसारखं पोहण्याचं सांगितलं. हशा झाला. माझ्या शेजारी ती कुबडीवाली मदतनीस होती, करडीलाही आलेली. ती म्हणाली, "मले गाणं म्हणता येत नाही." तिच्या पुढची म्हणाली, "मले गोल पोळी येत नाही." सगळी फेरी तशीच गेली, एकाहून एक गमती. कोणी काही खरं सांगितलं नाही. करडीला खरं सांगणाऱ्या मुलीचं काय झालं, ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. ताई माझ्याकडे बघत होत्या, गोंधळून. मीही गोंधळल्यासारखं तोंड केलं.

नंतर काही वर्षांत ती शिबिरं बंद पडली, वायरींची गरजही कमी झाली. सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. मी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागलो, तिथे वायरी दुसरा माणूस बघतो. ते दोन प्लग अजून माझ्या दाढीच्या डब्यात आहेत. बायकोनं एकदा विचारलं हे काय आहे, मी म्हटलं, शाळेतलं भंगार.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी मोहाडीला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. बायकोला ब्लाउजपीस हवं होतं म्हणून मॅचिंग सेंटरमध्ये शिरलो, आणि मागून हाक आली, "सर! वळखलं का?"

पल्लवी. अंगानं जरा भरलेली, सोबत लहान मुलगी. मला पळून जावंसं वाटलं. पण ती इतकी खुशीत होती की पाय निघेना. तिनं माझ्या बायकोला वाकून नमस्कार केला. म्हणाली, "वहिनी, यायनं मले लई शिकवलं." घरचं विचारलं तेव्हा सांगितलं, माग आता काकांकडे गेला, बाबांच्या डोळ्यांना कमी दिसतं. मग म्हणाली, "मीच बसली असती जी मागावर. पण रंगाचं काम, माह्यानं कुठं होते. त्या दिवशी करडीले कळलं ना. घरी येऊन बाबाले सांगून टाकलं, मले धागे मागत नको जाऊ. बाबा म्हणे, येडी झाली का तू? आजवर एक धागा चुकला नाही तुहा. म्हटलं, बाबा, सर खोटं बोलन का?"

ती हसली. बायकोही हसली. माझ्या तोंडावर काय होतं, मला माहीत नाही.

"बरं झालं तुम्ही सांगतलं," ती म्हणाली. "नाही तं मले वाटे, मले सगळंच दिसते. आता टमाटे घेतानाही पोरीले विचारते मी."

बायको गल्ल्याकडे गेली. तेवढ्यात पल्लवीनं पिशवीतून साडीचा पदर काढला, गडद रंगाचा, आणि काउंटरवरचे दोन तुकडे उचलून पदराला लावले. नणंदेचं लग्न होतं, चूक चालणार नव्हती. पोरीला विचारलं तर ती नुसती पाय आपटत होती. दुकानदार काहीबाही सांगतो, असं म्हणून तिनं दोन्ही तुकडे माझ्यासमोर धरले. "सर, तुम्ही सांगा. याच्यातला कोणता जुळते?"

मी पाहिलं. तिन्ही मला एकसारखे दिसत होते. एकच मळकट रंग. आत्ता — मला वाटलं, आत्ता. दुकानात कोणी ओळखीचं नव्हतं. तिचा एक डोळा माझ्या तोंडाकडे लागलेला होता, पूर्ण विश्वासानं. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते.

मी डाव्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हा," मी म्हणालो.

"हो का?" ती म्हणाली. उजवा तुकडा तिनं उजेडाकडे धरला, पदराशी लावला, पुन्हा पाहिला. "मले तं हा वाटून राहिला होता. पण माह्या डोळ्याचं काय खरं, सर."

आणि तिनं तिचा तुकडा परत ठेवला, आणि माझा घेतला.